माळ्यावरचा देवचार, आरशातला शत्रू आणि कमोडमधला बेडूक

भूत नाही. एवढं आधी सांगून टाकतो म्हणजे आज रात्री तरी झोपाल.

तुमचं लिहिणं थोडक्यात असं की मुंबईहून कुडाळजवळच्या सासऱ्यांच्या जुन्या कौलारू घरात राहायला आलात, रात्री 11 नंतर माळ्यावर कोणीतरी चालतं, सकाळी गाडीच्या आरशावर एक काळापांढरा पक्षी तुटून पडतो, बाथरूममधला बेडूक कितीदा बाहेर टाकला तरी परत हजर, आणि शेजारच्या काकी म्हणाल्या घराला काहीतरी बाधा आहे, पाहून घ्या. शिवाय गमतीचे अनुभव असतील तर सांगा म्हणालात. मी या भागात 22 वर्षं साप आणि घरात शिरलेली जनावरं काढतोय, वनविभागाला कळवून, आणि खरं सांगू का, जनावर कधीच गंमत करत नाही हो, ते बिचारं आपल्या रोजच्या वाटेने पोटामागे चाललेलं असतं, गंमत करतो तो पलंगावर उभा राहिलेला माणूस. त्यात मी पण आलो, ते पुढे सांगतो.

माळ्यावरचं पहिलं घेऊ. आवाजावरून बरंच कळतं. उंदीर असेल तर कुरकुर, पटपट धावणं आणि कुरतडणं. वटवाघळं असतील तर संध्याकाळी दिवे लागणीला फडफड आणि बारीक चिवचिव, मग शांत. धामण असेल तर आवाज जवळजवळ नाहीच, फार तर पिशवी घसटत नेल्यासारखं. तुम्ही लिहिलंय "माणूस चप्पल न घालता चालतोय असं वाटतं, आधी आंब्याच्या फांदीवरून धप्प आणि मग कौलं वाजतात", हे वाचून मला हसूच आलं, कारण हे अगदी नावगाव सांगितल्यासारखं आहे. तो कांडेचोर. उदमांजर म्हणतात पुस्तकात. मांजराएवढा, राखाडी-काळपट, लांब शेपूट, तोंडावर डाकूसारखा काळा पट्टा. दिवसभर माळ्यावर झोपतो आणि रात्री फळं, उंदीर, किडे, मिळेल ते खातो. पिकलेली पपई आणि चिकू त्याला तुमच्या आधी कळतात.

खात्री करायची असेल तर सकाळी विहिरीचा कठडा, गडग्यावरचा चिरा, पायरी असं काहीतरी उंचावरचं मोकळं बघा. तिथे बियांचा लाडू दिसेल, म्हणजे त्याची विष्ठा. खरंच लाडू, भेरली माडाच्या किंवा पपईच्या बिया जशाच्या तशा एकमेकांना चिकटलेल्या. याच रस्त्याने आलेल्या कॉफीच्या बिया धुऊन भाजून परदेशात लोक सोन्याच्या भावाने पितात, आपल्याकडे काकी झाडूने लोटून देतात, ज्याचं त्याचं नशीब. केस आणि हाडं भरलेली कोरडी गोळी मिळाली तर ती घुबडाची ओकारी, आणि काळे बारीक दाणे, चिमटीत चुरले की चकाकणारा भुगा होत असेल तर पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं.

अजून एक खूण म्हणजे वास. माळ्यावर चढल्यावर भात शिजत असल्यासारखा वास आला तर आपण स्वयंपाकघराकडे बघतो, तिथे चूल थंड असते. बंगालीत या प्राण्याला गंधगोकुळ म्हणतात ते उगाच नाही. आणि गंमत बघा, बासमतीच्या वासामागे जो रेणू आहे तोच वाघाच्या हद्द आखायच्या फवाऱ्यातही सापडलाय. तेव्हा माळ्यावरून सुगंधी भाताचा वास आला तर कांडेचोर समजायचं, पुलाव नाही आणि वाघही नाही.

आता देवचाराची, म्हणजे घराची राखण करतो असं मानतात त्या राखणदाराची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, सावंतवाडीच्या बाजूचं एक मोठं चौसोपी घर, मुलं सगळी मुंबईला, घरात आजोबा-आजी दोघंच. मे महिन्यात माळ्यावर चाल सुरू झाली. आजीने गाऱ्हाणं घातलं, राखणदार रुसलाय म्हणून माळ्यावर नारळ आणि पाच केळी ठेवली. सकाळी केळी गायब! नारळ तसाच. आजी खूश, देवचाराने मान राखला. मग रोज संध्याकाळी पाच केळी. महिनाभर हे चाललं, बागेतला अख्खा लोंगर संपला, शेवटी मुंबईचा नातू सुट्टीला आला आणि त्याला प्रश्न पडला की देव केळी खातो ते ठीक, पण सालं फाडून कोपऱ्यात का टाकतो. त्याने मला बोलावलं.

मी शिडीने वर गेलो, टॉर्च मारला, तर लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण अर्धवट उघडं, आत आजीची जुनी नववारी, आणि नववारीच्या घडीत तीन पिल्लं, एकमेकांवर पाय टाकून. आई वासावर बसून माझ्याकडे बघत होती, डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे, आणि घशातून अशी गुर्र की मी शिडीच्या दोन पायऱ्या आपोआप उतरलो. खाली येऊन आजीला फोटो दाखवला. आजी बराच वेळ बघत राहिली मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस माजी केळी ह्या मेल्याच्या पोटात गेली?" आजोबा खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी सांगितलं, आजी केळी बंद करा, म्हणजे ती पिल्लं घेऊन जाईल. तर ती म्हणते, "बाळंतीण आसा ती, केळी बंद कशी करू?"

आता तुम्ही काय करायचं. भोक आजच बुजवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. वर्षात कधीही पिल्लं असू शकतात आणि भोक बुजवलं की आई बाहेर, पिल्लं आत, मग ती रात्रभर कौलं उचकटते आणि पिल्लं मेली तर पुढचे पंधरा दिवस तुम्ही घरात राहू शकणार नाही. डांबराच्या गोळ्या, फिनेल, फटाके काही नको. माळ्यावर एक बल्ब पेटता ठेवा आणि छोटा रेडिओ लावा, माणसं बोलतात असा कार्यक्रम, गाणी नको, गाण्याला ती सरावते असा माझा अनुभव आहे. दोन-तीन रात्रीत आई एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. तिला तीन-चार जागा माहीत असतातच, तुमचं घर ही त्यातली एक. मग ज्या वाटेने येते तिथे पीठ किंवा राख भुरभुरून ठेवा, सलग तीन-चार रात्री पाऊल उमटलं नाही की अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावून घ्या. डोकं आत गेलं की अंग जातं हा हिशोब धरून भोकं शोधा. आणि आंब्याची ती फांदी कौलांपासून सहा-सात फूट मागे छाटा, नाहीतर जाळी लावूनही धप्प चालूच राहील. पिंजरा लावायचा विचार असेल तर सोडून द्या, 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे, आणि तसंही एक पकडून लांब नेला तर रिकाम्या जागेत दुसरा येतो.

पक्ष्याचं सोपं आहे. तो दयाळ. नर आहे. उन्हाळा सुरू झाला की त्याची हद्द ठरते आणि आरशात त्याला दुसरा नर दिसतो, तो काही केल्या हटत नाही, चोच मारली की तोही चोच मारतो, असला निर्लज्ज शत्रू त्याने जन्मात पाहिलेला नसतो. दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा, काम संपलं. शिंजीर, बुलबुल, सातभाई सगळे करतात हे. एका गृहस्थांनी मला कौतुकाने सांगितलं होतं की पक्ष्याला माझी नवी गाडी फार आवडलीय, रोज येऊन मुके घेतो. मी काही बोललो नाही.

सापांचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल, पावसाळा येऊ दे. म्हणून थोडं सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त किस्से तिथलेच आहेत.

पहिला नियम, फोनवर सांगितलेली लांबी निम्मी करायची, रात्री 12 नंतरचा फोन असेल तर तीन भागांतला एक धरायचा. एकदा पावणेदोनला फोन, "चार फूट, मनगटाएवढी जाड, मण्यार आहे, लवकर या". गेलो तर डायनिंग टेबलावर नवरा, बायको आणि नवऱ्याची आई अशी तिघंजणं उभी, वर पंखा बंद केलेला कारण नवऱ्याचं डोकं लागत होतं, आणि आईच्या हातात लाटणं. टेबलाखाली काही नाही. बेडरूममध्ये पडद्याच्या दांडीवर दीड फुटाचा कवड्या नावाचा बिनविषारी साप, पाल पकडायच्या नादात, त्याला या तिघांचा पत्ताच नाही. कवड्या भिंतीवर सरसर चढतो, मण्यार सहसा जमिनीवरच. कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचं उलट, मानेजवळ पुसट किंवा नाहीतच आणि शेपटीकडे स्पष्ट, बहुतेक वेळा जोडीजोडीने. पण हे मी सांगतोय ते गप्पांसाठी, कोणी वाचून जवळ जाऊन पट्टे मोजायला बसू नका. पट्टे दिसले की मण्यार समजून लांब राहायचं, नजर त्याच्यावर ठेवायची आणि माहीतगाराला बोलवायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, चावल्याचं धड कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. तेव्हा खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, आणि चावलं तर मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता सरकारी दवाखाना गाठा, तिथली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालते. यात मला कधीच हसू आलेलं नाही.

बाकी वेळेला मात्र भरपूर येतं. आतापर्यंत मी साप म्हणून "पकडलेल्या" वस्तू: मोबाईलचा चार्जर, पॅंटचा पट्टा, कोणाचा तरी गंगावन, गॅसची जुनी नळी, आणि एकदा पोराचा रबरी नाग, तो मी तीन मीटरवरून बराच वेळ गंभीरपणे निरखला होता, वर लोकांना "कोणी हलू नका" असंही म्हणालो होतो. पहिल्या पावसात बाथरूमच्या जाळीतून दोऱ्याएवढं काळं चकचकीत काहीतरी वळवळत येतं, लोक त्यावर मीठ टाकतात, गरम पाणी टाकतात. तो वाळा. साप आहे खरा, पण गांडुळाएवढा, आंधळा म्हणावा असा, मुंग्या-वाळवीची अंडी खातो. आणि त्याच्यात नर नसतोच, सगळ्या माद्या, जोडीदाराशिवाय अंडी घालतात आणि कुंड्यांच्या मातीतून जगभर पोचल्यात. हे मी एका घरात सांगितलं तर त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "बघा, सुखी आहेत की नाही." मऊ, ओलसर, अंगावर वळ्या असलेलं जाड गांडूळ दिसलं तर ते देवगांडूळ, म्हणजे बेडकाच्या नात्यातलं पाय नसलेलं प्राणी, साप नाही, गांडूळही नाही. त्याला उचलून ओल्या पाचोळ्यात सोडा आणि हात धुवा.

आता माझी फजिती. एका घरात लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडव पडलेला, पन्नास-साठ माणसं, आणि कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यामागे धामण. मी तेव्हा नवीन होतो आणि माणसं बघून अंगात आलेलं. शेपटीला धरून बाहेर आणली, सात फूट तरी होती (आता निम्मी करा), आणि मांडवात उभा राहून भाषण सुरू केलं, की ही बिनविषारी, शेतकऱ्याची मित्र, ही गाईच्या पायाला वेढे घालून दूध पिते हे साफ खोटं, सापाला दूध पचतही नाही, आणि ही अजिबात चावत नाही. "नाही" म्हणतोय तोवर तिने वळून माझ्या अंगठ्याशेजारी दात रोवले. धामणीचे दात बारीक सुईसारखे असतात, विष नसतं पण रक्त येतं ते धारेने. पांढरा शर्ट. वर तिने घाबरून शेपटीकडून जो काही वास सोडला तो माझ्या हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. मी हसतमुखाने उभा, "बघा, काही होत नाही", आणि समोरची सगळी मंडळी माझ्या पडायची वाट बघतायत. एका म्हाताऱ्या आत्याने मला जबरदस्तीने कडुलिंबाचा पाला चावायला लावला, कडू लागला तर विष चढलेलं नाही म्हणून. लागला कडू. मग मला जेवायला वाढलं. तेव्हापासून मी भाषण साप पिशवीत गेल्यावर करतो.

घुबडाचंही एक सांगतो कारण तुमच्यासारखीच तिथेही बाधा निघाली होती. शहरातली सात मजली सोसायटी, डक्टमधून रोज रात्री फुत्कार, लोकांनी ठरवलं नाग आहे, जोडी आहे, एकाने तर गॅस गळतोय म्हणून सिलेंडरवाल्याला बोलावलेलं. सेक्रेटरीसाहेब काठी घेऊन पुढे, मागे वॉचमन, त्याच्या मागे मी. झडप उघडली, टॉर्च टाकला, तर पाईपांच्या खाचेत चार पांढरी बदामी तोंडं, चारही वेगवेगळ्या साईझची, डावी-उजवीकडे झुलत आमच्याकडे बघतायत आणि कुकरची शिट्टी अडकल्यासारखा श्श्श आवाज काढतायत. गव्हाणी घुबडाची पिल्लं. अंडी एकेक दिवसाआड घालून लगेच उबवायला घेतात म्हणून मोठ्ठं, मधलं, धाकटं, शेंडेफळ अशी उतरंड असते. सेक्रेटरींची काठी खाली पडली ती थेट तळमजल्यावर गेली. वॉचमनने मात्र हात जोडले, लक्ष्मीचं वाहन म्हणून. मग पिल्लं उडेपर्यंत झडप बंद ठेवायचं ठरलं, आणि पिल्लं उडाल्यावर महिनाभराने तेच सेक्रेटरी मला विचारत होते की परत कधी येतील, पार्किंगमधले उंदीर कमी झाले होते.

माकडांवर मी सल्ला देत नाही कारण माझ्याच घरी माझं चालत नाही. लाल तोंडाची, आमच्याकडे केलडी म्हणतात. मे महिन्यात बायकोने खळ्यात एका बाजूला आंबापोळी आणि दुसऱ्या बाजूला आमसुलं वाळत घातली होती, राखणीला मी. पेपर वाचत होतो. टोळीतल्या मोठ्या नराने आंबापोळीचं अख्खं ताट उचलून कौलावर नेलं, आरामात सोलून सोलून खाल्लं, मग खाली येऊन एक आमसूल तोंडात टाकलं. त्याचा चेहरा असा झाला, डोळे मिटून ओठ आत ओढून, की मी मोठ्याने हसलो. हीच चूक. त्यांच्यात दात दाखवून डोळ्यात बघणं म्हणजे भांडण काढणं. त्याने उरलेली आमसुलं मूठभरून माझ्या दिशेने फेकली आणि दोन पावलं पुढे आला, मी खुर्चीसकट मागे पडलो. बायको दारातून बघत होती, ती एवढंच म्हणाली, "रेस्क्यूवाल्यांचा नंबर देऊ का?"

तर त्यांना खायला घालू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका, आणि माकड, मुंगूस, कांडेचोर कोणीही ओरबाडलं किंवा चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची इंजेक्शनं सुरू करायची, "नुसतं खरचटलंय" म्हणून बसायचं नाही. जनावर अडकलं, जखमी झालं, किंवा काय आहे तेच कळेना, तर वनविभागाचा 1926 नंबर आहे, महाराष्ट्रात कुठूनही.

राहिला बेडूक. तुमचा फोटो बघितला, बोटांच्या टोकांना गोल चकत्या आहेत ना, तो झाडावरचा बेडूक, भिंत-आरसा-टाईल सगळीकडे चढतो. उन्हाळ्यात बाहेर सगळं कोरडं आणि तुमच्या बाथरूममध्ये गारवा, ओल, दिव्यावर किडे, तो का जाईल? आमच्याकडच्याला मी पिशवीत घालून रस्त्यापलीकडच्या विहिरीवर सोडून आलो होतो, तिसऱ्या रात्री परत कमोडच्या कडेवर, उजव्या पायाचं एक बोट तुटकं होतं म्हणून ओळखला. दोनदा नेला, दोनदा आला, मग मीच नाद सोडला. ते बहुतेक संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाईपमधून उतरतात, त्या पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी तारेने बांधा, खिडकीच्या फटीही बघा, आणि त्याला बसायला बाहेर सावलीत एखादं पाणी भरलेलं मडकं आडवं ठेवा. तोपर्यंत रात्री लाईट लावल्याशिवाय बसू नका आणि फ्लश करायच्या आधी कडेच्या आत वाकून बघा, तो तिथेच चिकटलेला असतो.